तीस की चाळीस

जीप घेतली तेव्हा ती आमच्या दोघांची होती. मी तांड्यावरचा, तो नरसीच्या देवळामागच्या गुरवाच्या घरातला. पूजेची पाळी त्याने भावांवर सोपवली आणि स्टेअरिंग धरलं. भागीदारीतला धंदा म्हणून आम्ही एकमेकांना भागीदारच म्हणायचो. पुढे घरचेही आम्हाला त्याच नावाने हाक मारायला लागले. सेनगाव ते हिंगोली आमची काळीपिवळी चालायची. एक दिवस तो, एक दिवस मी. पण ज्याची पाळी नसायची तोही बऱ्याचदा येऊन शेजारच्या सीटवर बसायचा. घरी करमायचं नाही.

इंजिनाचं पहिलं मोठं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. सिलिंडर झिजले की ते आतून कापून थोडे मोठे करायचे आणि त्या मापाचे पिस्टन बसवायचे, याला बोअर करणं म्हणतात. मापं ठरलेली असतात: वीस, तीस, चाळीस. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले तेवढे. चाळीसच्या पुढे आमच्या इंजिनाला पिस्टन मिळत नाही. त्या वेळी हिंगोलीचा लेथवाला म्हणत होता, सरळ तीस करून टाका, झंझट नको. भागीदाराने ऐकलं नाही. त्याने झीज मोजायचं गेज परत लावायला लावलं. भिंती विसातच साफ निघत असतील तर तीस कशाला, असं त्याचं म्हणणं. "इंजिनाला पुढं बी जगायचं हाय," तो म्हणाला. मी मान हलवली. तो बोलला की मी मान हलवायची, अशीच आमची भागीदारी होती.

मग घरोघर मोटरसायकली आल्या. फाट्यावर जीपची वाट बघणारी माणसं कमी होत गेली आणि आम्ही धंदा बंद केला. त्याच सुमारास भागीदाराची बायको गेली, त्याची नजरही अधू झाली. पोराने त्याला पुण्याला नेलं. जायच्या दिवशी तो माझ्या दारात आला, जीपमध्ये बसला आणि त्याने क्लच दाबून सगळे गिअर एकदा टाकून पाहिले. दिवाळीला येतो म्हणाला. त्यानंतरच्या सगळ्या दिवाळ्या त्याच्या तिकडेच झाल्या.

जीप मी शेतातल्या कामाला वापरत राहिलो. गेल्या हिवाळ्यापासून ती सकाळी चालू व्हायला त्रास द्यायला लागली. निळा धूर, आणि ऑइलचं झाकण काढलं की आतून फुसफुस वारा. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर गेले, हे कळायला मिस्त्रीची गरज नव्हती. माझा पोरगा म्हणाला, विकून टाका. बायको तसं काही म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "इंजिन नवं करून जायाचं कुठं?"

तरी मी इंजिन उतरवलं आणि ब्लॉक घेऊन हिंगोलीला गेलो. लेथवाला तोच, फक्त केस पांढरे झालेले. त्याने चारी सिलिंडर वर, मधे, खाली, आडवे-उभे मोजले. तीन सिलिंडर तिसात साफ निघत होते. उरलेल्या, तिसऱ्या नंबरच्या सिलिंडरच्या भिंतीला मात्र एक उभा ओरखडा होता, तुटलेल्या रिंगेने पाडलेला. तो तिसात जाणार नव्हता. चाळीस केलं तर चारीही सारखे होतील आणि काम लवकर होईल, असं त्याने सांगितलं. मात्र भिंती पातळ होतील, उन्हाळ्यात इंजिन तापेल, आणि परत बोअर करायला जागाच उरणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे त्या एका सिलिंडरला नवी लोखंडी नळी, म्हणजे स्लीव्ह, ठोकायची आणि चारीही तिसावर आणायचे. त्याला वेळ लागेल. काय करू, म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. मी सवयीने बाजूला पाहिलं. बाजूला कोणी नव्हतं.

दुकानाबाहेर येऊन मी पुण्याला फोन लावला. त्याच्या सुनेने फोन त्याला दिला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"भागीदार, इंजिन उतरवलं. तीस करू का चाळीस?"

तो तब्येतीचं, पाण्यापावसाचं काही न विचारता एकदम कामावर आला. गेज काय म्हणतं, ओरखडा कुठं आहे, सगळं विचारून घेतलं.

"नख अडकतं का त्याच्यात?"

"अडकतं."

"मंग तेवढ्याला स्लीव्ह टाक. बाकीचे तीस. चाळीस नको करू."

"काहून? आता कुठं लांब पळवायची हाय आपल्याला?"

"मी येऊन राहिलो की," तो म्हणाला. "पुढचं बोअर आपण बराबर बसून ठरवू."

तो राहतो त्या इमारतीचा जिना त्याला उतरवत नाही, हे सुनेने मला आधीच सांगितलं होतं. मला ते ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक होतं. व्हय म्हणालो आणि आत जाऊन लेथवाल्याला सांगितलं, एक स्लीव्ह, चारी तीस.

आधी पिस्टन आणून दिले, कारण प्रत्येक पिस्टनला मोजून त्याचा त्याचा सिलिंडर कापायचा असतो. काम होईपर्यंत मी तिथल्या बाकावर बसून राहायचो. घरी जाऊन परत यायला हरकत नव्हती, पण मागच्या वेळी आम्ही दोघं तिथेच बसलो होतो. शेवटी आतल्या भिंतींवर, ऑइल धरून राहावं म्हणून मुद्दाम पाडतात त्या, जाळीसारख्या बारीक रेषा उमटल्या. बोट फिरवून पाहिलं. ओरखडा होता तिथे आता काहीच लागत नव्हतं.

इंजिन बसलं, पहिल्या सेल्फला चालू झालं. नवं बोअर केलेलं इंजिन सुरुवातीला बिनओझ्याचं, हळू चालवावं लागतं. म्हणून रिकामी जीप घेऊन मी सेनगावहून निघालो. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. नरसीत प्रसादाच्या दुकानांच्या पुढे गाडी लावली, बॉनेट उघडलं आणि फोन लावून इंजिनाजवळ धरला.

बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग म्हणाला, "टॅपेट वाजतंय. दुसऱ्याचं."

मी वाकून कान दिला. दुसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपाशी बारीक टकटक होती खरी.

"बाजूला कोन बसलंय?" त्याने विचारलं.

"कोनी न्हाई."

"मंग तिकडला पडदा पाडून घे. धूळ येती."

बरं म्हणालो. पण पडदा पाडला नाही. हिंगोलीपर्यंत त्या सीटवर धूळ येत राहिली.

टॅपेट दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडून करून घेतलं आणि आवाज ऐकवायला परत फोन लावला. सून म्हणाली, बाबा झोपलेत. मी म्हटलं, उठवू नका. उठले की एवढंच सांगा, आता वाजत नाही.