अर्धा मासा

वेशभूषा स्पर्धेसाठी माझ्या मुलीला परी व्हायचं नव्हतं, भाजीवाली नको, झाशीची राणीही नको. तिला डंकलिओस्टिअस व्हायचं होतं. डायनासोरच्याही आधी समुद्रात फिरणारा, डोक्यावर हाडांचं चिलखत असलेला अवाढव्य मासा. मी पोळ्या लाटत असताना हे तिने मला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मी हो म्हटलं.

चौकातल्या दुकानातून फ्रिजचं रिकामं खोकं मागून आणलं. ऑफिसातून आलं की रोज कापाकापी. मी हौसेने पांढरे टोकदार दात चिकटवले, तर बाईसाहेबांनी ते उपटून टाकले.

"आई, त्याला दात नव्हते. जबड्याच्या हाडालाच धार होती."

"बरं. शेपटीला माझी जुनी ओढणी लावू?"

"शेपूट नको. जीवाश्म डोक्याचेच सापडलेत. मागचं अंग मऊ होतं, ते टिकलंच नाही. मग आपण मनाने कसं लावायचं?"

सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. "म्हंजे अर्धाच मासा हाय का गं ह्यो? आनि खाली काय?"

"शाळेचा युनिफॉर्म," मुलगी म्हणाली. मी कात्री आपटली.

स्पर्धेच्या दिवशी ती स्टेजवर माशाचं नाव सांगून जबड्याच्या माहितीपर्यंत आली आणि वेळ संपल्याची घंटा वाजली. ही थांबेना. खोक्यात ऐकू आलं नाही म्हणते. मला ते पटत नाही. शेवटी तिच्या वर्गशिक्षिकेने तिला धरून खाली आणलं.

निकाल लागला. "उत्तेजनार्थ बक्षीस, कासव!"

इतके दिवस मीच त्या माशाला शिव्या घालत होते, पण हे ऐकून माझं डोकं फिरलं. तडक परीक्षकांकडे गेले.

"सर, तो मासा आहे."

"हो का? मग शेपूट कुठंय?"

मी जीवाश्म, चिलखत, मऊ अंग, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान. पुढच्या वेळी पूर्ण करून आणा," म्हणाले.

बाहेर रिक्षात ते खोकं मावेना, आणि मुलगी घडी घालू देईना. शेवटी कर्जतच्या भर बाजारातून ते डोक्यावर घेऊन मी निघाले. ती मागून भेळ खात येत होती.