अक्काच्या रक्तात काय होतं

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सूक्ष्मजीवशास्त्राची दोन वर्षं कशीबशी झाली, तेवढ्यावर लिहायला बसावं याचा मलाच संकोच वाटतो. चुकलं तर माफ करा, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी मोठी बहीण, अक्का, बाळंतपणाला धुळ्याजवळच्या आमच्या गावी आली. मुलगी झाली. जळगावात कॉलेजासाठी घेतलेल्या पिंप्राळ्याच्या खोलीला कुलूप लावून मी बाळ बघायला गेलो, तेव्हा ती बारा दिवसांची होती. पण दाराला कडुनिंबाचा टहाळा टांगलेला. भावाच्या चार वर्षांच्या मुलीला कांजिण्या आल्या होत्या.

आमच्याकडे कांजिण्यांना माता आली म्हणतात. माता असेपर्यंत घरात फोडणी देत नाहीत, आणि त्या पोराचा शब्द मोडत नाहीत. पुतणीला हे लगेच कळलं होतं. आधी तिने द्राक्षं मागितली, मग आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चष्मा. मी चपला काढत होतो तेव्हा म्हणाली, "बाळ माले दे." आणि आईने हात जोडून बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

"आई, हे काय केलं?"

"माता मांगी ऱ्हायनी, नही कसं म्हनू?"

अक्काने बाळ उचलून घेतलं. ती रडवेली झाली होती. मी लगेच पुढे सरसावलो. म्हटलं, पोटात असताना शेवटच्या महिन्यांत आईच्या रक्तातली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. बाहेर आल्यावर काही महिने तीच त्याची राखण करतात. घाबरू नका. अक्काने डोळे पुसले. "आम्हना डाक्टर!" म्हणत आबांनी पाठीवर थाप मारली. मला फार बरं वाटलं.

चहाचा कप अर्धा झाला आणि मी तो खाली ठेवला. आईकडे जे असेल तेच ती बाळाला देणार. अक्काला कधी कांजिण्या झाल्याच नसतील, तर त्यांच्यावरची प्रतिपिंडं तिच्याकडे येणार कुठून?

"आई, अक्काला लहानपणी माता आली होती का?"

"उनी व्हती ना!"

"तिले नही, याले उनी व्हती," आबा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "दहीभातना निवद मीच दाखाडा व्हता."

"तुम्हले काय याद ऱ्हास! पोऱ्या कितवीमा शे, ते बी माले इचारतस!"

अक्काला स्वतःला काही आठवत नव्हतं. मी दिलेला धीर पुरता चुकीचा नसला तरी अर्धवट होता, हे मला सर्वांसमोर कबूल करावं लागलं. आमच्या कॉलेजातल्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अंदाज बांधू नकोस. बाळाच्या डॉक्टरांना आत्ताच सांगा. आईच्या रक्तावरून कळतं."

त्याच दुपारी भाऊ अक्काला आणि बाळाला धुळ्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी बाळाला तपासलं, अक्काचं रक्त घेतलं. इकडे पुतणीची रवानगी मागच्या खोलीत करायची होती. आई पुन्हा हात जोडून तिच्यापुढे बसली.

"माता, आते बाळ मांगू नको, माय."

"मंग मोबाईल दे."

आम्ही सगळे हसलो, पण कुणाचं मन हसण्यात नव्हतं.

प्रात्यक्षिक चुकवता येत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी जळगावला परतलो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो, पण काचपट्टीवर काय आहे ते दिसेना. मंगळवारी दुपारी खिशातला फोन थरथरला. सरांनी मानेनेच बाहेर जा म्हटलं.

"रिपोर्ट आला," अक्का म्हणाली. तिचा आवाज इतका मोकळा मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "आहेत रे माझ्याकडे ती प्रतिपिंडं. डॉक्टर म्हणे दिवस पूर्ण भरलेले होते, तेव्हा बाळालाही मिळालेली असणार. तीन आठवडे लक्ष ठेवा, पण झोपा निवांत."