लढाईची तीन रिळं

माझा धाकटा भाऊ लढाईवरून परत आला तेव्हा त्याच्या पत्र्याच्या पेटीत सिनेमाची तीन रिळं होती. तळहातावर मावतील एवढीच. त्यानं ती मला दाखवली नाहीत, पेटी आवरताना मला सापडली. विचारलं तर म्हणाला, आमच्या हवालदाराचा कॅमेरा होता, कधी त्यानं फिरवला, कधी मी. एवढं बोलून त्यानं पेटीला कुलूप घातलं.

मी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले. मी नळदुर्गच्या बाजारात जनावरांची दलाली शिकलो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा आणि तोंडानं पाऊसपाण्याचं बोलत राहायचं, असा तो धंदा. त्यावर घर उभं केलं, याला शाळेत घातलं. हा शाळा सोडून लष्करात गेला, मला न विचारता. सात वर्षं तिथं गाडी चालवली. एकाहत्तरची पूर्व बंगालची लढाई झाली, मागोमाग याची मुदत भरली. पुढं राहतोस का, असं साहेबांनी विचारलं तर नको म्हणाला आणि घरी आला. तेही मला न विचारता. हे मी तेव्हा विसरलो नाही, आजही विसरलेलो नाही.

आला तो ऐन दुष्काळात. सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतं. बागायतदाराच्या घरच्या बायासुद्धा डोक्यावर पदर ओढून त्या रांगेत बसत होत्या. अशा दिवसांत सरकारी पगार आणि दोन वेळचं जेवण सोडून कोणी येतो का? सोसायटीचा चेअरमन चावडीवर म्हणाला, शेपूट घातली असंल, म्हणून हाकलला. लोक हसले. मी त्याची गचांडी धरली, दोघातिघांनी सोडवली. पण घरी येताना तोच प्रश्न माझ्याही मनात होता, हे आता लिहायला हरकत नाही.

त्याच सुमारास उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावात त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी चांगली, घर आमच्यासारखंच. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. आणि मुलीच्या बापाचा निरोप आला, जरा थांबा. मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं गेलो. म्हातारा कमी बोलायचा. त्यानं मला पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "पाव्हणे, पोरगं नोकरी सोडून आलंय का पळून आलंय?"

मला राग लवकर येतो. तो आला की मी पुढचं बघत नाही. मी म्हणालो, लढाईचा सिनेमा आहे त्यानं स्वतः काढलेला, येऊन डोळ्यांनी बघा, मग बोला. म्हातारा म्हणाला, येतो. परतीच्या एसटीत माझ्या ध्यानात आलं की त्या रिळांत काय आहे ते मला स्वतःलाच माहीत नाही. न बघितलेल्या बैलाची मी जबान देऊन बसलो होतो.

भाऊ म्हणाला, "दादा, त्यात काय बी न्हाय." मी म्हणालो, मग लग्नही नाही. तो जात्याजवळ बसला होता. उठून त्यानं पेटीची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

उमरग्यात एका फोटो स्टुडिओवाल्याकडं त्या मापाचा प्रोजेक्टर होता. तो द्यायला तयार नव्हता. पण त्याच्या दारात दोन म्हशी होत्या, हाडं वर आलेल्या, आणि माझ्याकडं कडबा होता. सौदा जमला. तो म्हणाला, यंत्र मीच चालवणार, दुसऱ्या कुणाचा हात लागू देणार नाही. मी म्हटलं, चालव.

जागेसाठी मी मुद्दाम चेअरमनकडंच गेलो. सोसायटीचं धान्याचं गोदाम रिकामं पडलं होतं आणि तिथं वीज होती. त्यालाही बघायचंच होतं, म्हणून त्यानं नाही म्हटलं नाही. बाजारचा दिवस धरला, कामाला सुट्टी असते म्हणून. भर दुपारी खिडक्यांना पोती लावून आम्ही अंधार केला, समोरच्या भिंतीवर धोतर ताणलं. दोन तासांत गोदाम भरलं. पुढं बाया, मागं पुरुष. मुलीच्या बापाला मी चेअरमनशेजारी खुर्ची दिली. भाऊ दाराजवळ उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

पहिलं रीळ सुरू झालं. आवाज नाही, नुसती यंत्राची टरटर. धोतरावर हिरवा रंग पसरला. गाडीच्या काचेतून काढलेलं होतं ते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी. तळी, नाले, भाताच्या खाचरात पाणी, घराच्या पायरीला लागलेलं पाणी. दोन वर्षांत आम्ही एवढं पाणी एका ठिकाणी बघितलं नव्हतं. एका बाईनं हात पुढं केला, तिच्या हाताची सावली धोतरावर पडली, मागून कुणीतरी तिला खाली बसवलं.

मग रस्त्यावर माणसं आली. रांग संपेच ना. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, एक म्हातारी दोघांनी झोळीत उचललेली, हातात पितळी. पुढच्या बायांत कुजबूज सुरू झाली, ही कुठल्या कामावरची माणसं? कुणी म्हणालं, तलावाच्या. कुणी म्हणालं, न्हाय, रस्त्याच्या कामाची असतील, गाठोडी बघ. मी ओरडलो की हे तिकडचे निर्वासित आहेत, लढाईमुळं घर सोडून चालले आहेत. तेव्हा पुढच्या रांगेतली एक म्हातारी मागं वळली आणि दाराकडं बघत माझ्या भावाला म्हणाली, "बाबा, एवढं पाणी असून गाव का सोडत्यात रे?"

सगळे दाराकडं बघायला लागले. भाऊ म्हणाला, "मला बी कळलं न्हाय, मावशे." चेअरमननं विचारलं, घर सोडून चाललेत का घरी परत चाललेत? भावानं ते रीळ कितीतरी वेळ बघितलं आणि म्हणाला, ते जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळेला मी त्याच रस्त्यानं गाडी नेली, हे कुठल्या वेळेचं ते आता सांगता येत नाही.

दुसऱ्या रिळात जवान दाढी करत होते, डेगीत भात शिजत होता, एक जण कुत्र्याला पाव देत होता. लोक कंटाळले. चेअरमन म्हणाला, ही लढाई का लढाईची इंटरव्हल? मागं हशा पिकला. मुलीचा बाप मात्र नुसता बघत होता. त्यानं एकच विचारलं, "तुमी कुठं हाय यात?" भाऊ म्हणाला, मी दिसणार नाही, कॅमेरा माझ्या हातात होता. चेअरमन लगेच म्हणाला, कुणाच्याही हातात असंल की.

तिसरं रीळ लागलं. गाडीचं चाक चिखलात रुतलेलं, चार जवान ढकलत होते. एक मिशीवाला त्यात मागं वळला, कॅमेऱ्याकडं बोट हलवून रागं भरायला लागला. फीत वाया घालवू नको, असं म्हणत असावा. तोच कॅमेऱ्याचा मालक, हवालदार, हे भावानं सांगितलं नाही, मी ओळखलं. लोक हसले. आणि एकदम चित्र कलंडलं. आभाळ, चाक, परत आभाळ, मग आडवं गवत. गवत हलत होतं, बाकी काही नाही. कोपऱ्यात काळं काहीतरी होतं. बुटाचा तळवा असेल, धोंडा असेल.

लोक म्हणाले, बिघडलं. मुलीचा बाप उठायला लागला, म्हणाला, बास, झालं. पण माझी नजर त्या कोपऱ्यावर होती. कॅमेरा हातातून पडला तो जवळ गोळा पडल्यामुळंच, असं मला वाटलं. तो पडलेल्या जवानाचा बूट असेल तर हा तिथं होता, गोळा पडला तिथंच होता, कोणाच्या बापाला परत तोंड उघडायची सोय राहणार नव्हती. मी स्टुडिओवाल्याला म्हणालो, थांबव इथं. तो म्हणाला, दिव्यानं जळतं, थांबवता येत नाही. मी म्हणालो, कडबा खाल्लास ना, थांबव. भाऊ दाराजवळून म्हणाला, "दादा, नका." मी पुढं होऊन यंत्राचं बटण स्वतःच दाबलं.

गवत स्थिर झालं. मी धोतराजवळ जाऊन वाकलो. मधोमध एक तपकिरी ठिपका उठला, फुगला, त्याला भोक पडलं आणि ते भोक कोपऱ्यापर्यंत पसरत गेलं. मग नुसता पांढरा उजेड. स्टुडिओवाला शिव्या देत फीत ओढून काढत होता, तिचे तुकडे पडत होते. बूट होता का धोंडा, मला दिसलं नाही.

गोदाम रिकामं झाल्यावर भावानं खाली पडलेले तुकडे वेचले, खिशात घातले. मी म्हणालो, पाव्हण्याला दाखवायचं होतं म्हणून केलं. तो म्हणाला, "पाव्हणा तर उठला होता, दादा. तुमालाच बघायचं होतं."

आठ दिवसांनी निरोप आला की लग्नाचा दिवस धरा. मी चक्रावलो. लग्न साधेपणानं झालं, दुष्काळी कामाला दोन दिवस सुट्टी घेऊन वऱ्हाड आलं. पुढं भाऊ दूध संघाच्या गाडीवर लागला. त्याचा संसार चांगला चालला आहे, माझ्याशी बोलणंही नीट आहे. फक्त उरलेली ती दोन रिळं मागितली की म्हणतो, बघू.

एकदा उमरग्याच्या बाजारात मी म्हाताऱ्याला गाठलं आणि विचारलं, त्यात काहीच दिसलं नाही, मग काय बघून पोरगी दिलीत? तो म्हणाला, "रझाकाराच्या टायमाला जे ज्वारीच्या कणगीत लपले, ते नंतर लई बोलायचे. तुमचा भाऊ एवढ्या लोकांत गप उभा राहिला." मग तो मिरच्या बघायला लागला.

मी तिथंच उभा राहिलो. माझ्या धंद्यात गप उभा असलेला माणूस जनावराची खोड लपवत असतो. तोवर पंधरा-वीस वर्षं मी याच हिशेबानं माणसं ओळखली आणि फारसा फसलो नाही. म्हाताऱ्याचं खरं म्हणावं तर माझा हिशेब चुकीचा. माझा खरा म्हणावा तर भाऊ खोटा. घरी जाऊन एकदा त्यालाच विचारायचं, की तो बूट कुणाचा होता, असं त्या दिवशी मी ठरवलं. घरी गेलो तेव्हा तो दारात गाडी धूत होता. मी त्याला पाण्याची बादली आणून दिली आणि दुसरंच काहीतरी बोललो.