सरकारी पाणी

"या, पानी पिऊन जा. सरकारी हाय, बाटत नाई."

बौद्ध वस्तीजवळच्या रस्त्यानं कुणीही जात असो, पोस्टमन, बाजाराला निघालेला कुणबी, नाहीतर जीपमधला साहेब, ती गडू उंचावून हाक मारायचीच. माणूस थांबला की गडू तोटीखाली ठेवायची, हापशीचा दांडा मारायची, आणि भरलेला गडू थेट त्याच्या हातात द्यायची. मग तो पितो की नाही, हे टक लावून बघायची. कित्येकांना नेमकं तिथं आल्यावरच आठवायचं, की आपण आत्ताच पाणी प्यालोय. ती हसायची आणि गडू झाडाच्या बुडाशी रिकामा करायची.

आर्वी तालुक्यातल्या त्या गावात मी मास्तर होतो. गाव तिला हापशीवाली माय म्हणायचं. सरकारी वस्तू आपली समजणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील; बहुतेक ती वस्तू उचलून घरी नेतात. ही बाई रोज सकाळी हापशीचा ओटा राखेनं घासायची. पोरांनी दांड्याला लोंबकाळलेलं तिला खपत नसे. "तुह्या बापानं आणली का रे?" म्हणून ओरडायची. बाप तिथंच उभा असला तरी ओरडायची.

मी गावात गेलो ते मोठ्या दुष्काळाच्या सालात. तेव्हा हापशी नव्हती, गावची विहीर होती. वस्तीतल्या बायका पाण्याचे पितळी गुंड घेऊन विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या. कुणाला दया आली की तो पोहरा ओढायचा आणि वरून ओतायचा. गुंडाला पोहरा लागू नये म्हणून हात चांगला उंच धरायचा. अर्धं पाणी अंगावर, अर्धं गुंडात. धर्म बदलून इतकी वर्षं झाली होती, पण विहिरीला ते कुणी कळवलं नव्हतं.

मायनं मला एकदा सांगितलं होतं. तिची सासू तापानं फणफणली होती, पाणी पाणी करत होती. ही भर दुपारी विहिरीवर गेली, तर ओतायला कुणीच नाही. "दोर तथीच पडला होता, गुर्जी. पानी दिसून राह्यलं होतं. पन हात नाई झाला." ती रिकामा गुंड घेऊन परत आली. सासू दुसऱ्या दिवशी गेली. "तवाच ठरवलं. एक डाव आपलं पानी भेटू दे, मंग वरून पडलेलं पानी या जन्मी घेनार नाई."

आणि खरंच, दुष्काळानं जे दिलं ते कुठल्या सुकाळानं दिलं नव्हतं. सरकारचं बोअरचं यंत्र आलं, वस्तीत भोक पाडलं, हापशी बसली. उद्घाटनाला साहेब आले, नारळ फुटला. साहेब दांड्याला हात लावणार तेवढ्यात ही गर्दीतून पुढं आली आणि हापसू लागली. पाणी आलं तशी रडायला लागली, पण हापसणं काही थांबवलं नाही. साहेबांचे बूट पार भिजले.

एकदा वऱ्हाडाची एसटी गावाबाहेर बंद पडली. तहानलेलं वऱ्हाड हापशीवर आलं. एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं गडू घेण्याआधी विचारलं, "कोनाच्या घरचं पानी व्हय बाई?"

"सरकारच्या."

म्हाताऱ्याला वाटलं, गावच्या मालगुजाराला, म्हणजे जमीनदाराला, सरकार म्हणत असतील. त्यानं घटाघटा दोन गडू संपवले आणि म्हणाला, "सरकारले आमचा रामराम सांगजो." हा किस्सा ती पुढं कित्येक वर्षं सांगत राहिली. प्रत्येक वेळी पदर तोंडाशी धरून तितकीच हसायची.

मग शिवारात विजेचे खांब आले. खड्डे खोदणाऱ्या मजुरांना पाणी तिनंच पाजलं, हे आठवलं की आजही मला बसवत नाही. वीज आली याचा आनंद सगळ्यांना झाला, तसा मलाही झाला. मोटारीला कर्ज मिळू लागलं. बिलाची आकारणी मोटारीच्या हॉर्सपॉवरवर, मग ती तासभर चालवा की दिवसभर. बटण बंद करायला शेताकडं कोण जातो? संत्र्याच्या बागा उठल्या. विहिरी खोल गेल्या, विहिरीत आडवी भोकं गेली. गाव हिरवं दिसू लागलं आणि सभांमधून त्याचं कौतुक व्हायला लागलं.

हापशी मात्र खोकू लागली. मेकॅनिक यायचा, एक पाइप वाढवून जायचा. पुढं पाइपही वाढेना. दांडा मारला की नुसती हवा. मी तालुक्याला खेटे घातले. तिथले साहेब म्हणाले, "गुरुजी, तुमच्या गावात हापशी आहे. असलेल्या गावाला दुसरी देता येत नाही." मी म्हटलं, पाणी नाही हो. ते म्हणाले, "पण हापशी तर आहे ना?"

वस्तीच्या बायका मग बागेच्या मोटारीवर जाऊ लागल्या. बागवाला तरुण, भला माणूस. कुणाला नाही म्हणायचा नाही. पण पाइप धरायचा त्याचा सालदार गडी, आणि पाइप उंच धरायची त्याला सवय होती.

मायची सून तिला समजावायची, "आता कोन मानते हे? चाला मोटारीवर."

"मी मानत नाई, म्हनूनच जात नाई," ती म्हणायची.

ती कोरड्या नाल्यात जाऊन झिरा उकरायची. वाळूत पाझरलेलं पाणी वाटीनं गुंडात भरायची. एका उन्हाळ्यात मी तिला तिथं गाठलं. गुंडाच्या तळाशी गढूळ पाणी होतं आणि ती नुसती बसून होती.

"गुर्जी, विहिरीवर तरी समोर मानूस राहे. त्याच्यावर राग करता ये. आता कोनावर करू? कोनीच तर वाईट नाई."

ज्यानं त्यानं आपापल्या परीनं बरंच केलं होतं, आणि त्या सगळ्या बऱ्याखाली ही एक बाई चेंगरून गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ती झिऱ्याशीच पडलेली सापडली. उन्हानं गेली म्हणाले. नाला पार आटला होता. आता तिला शेवटची आंघोळ घालायची, तर वस्तीत पाणी नाही.

बागवाल्याला कळलं तसा तो स्वतः धावला, त्यानं स्वतः बटण दाबलं. "लागल तेवढं घ्या, मास्तर," म्हणाला. वस्तीतली चार माणसं गुंड घेऊन उभी राहिली, त्यांच्यात मीही. सालदारानं पाइप उचलला आणि हातभर उंच धरला. आम्ही खाली गुंड धरले. मीही धरला. प्रेत घरात होतं आणि ऊन चढत होतं.

आम्ही गुंड अंगणात आणून ठेवले. सुनेनं पांढरं लुगडं बाजूला काढलं, पहिला तांब्या बुडवला आणि ती तशीच थांबली. मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "गुर्जी, कुठलं पानी हाय थे तिले सांगू नोका."