आप्पांच्या पत्त्यावरून गेलेलं पत्र

ही गोष्ट सांगायची मी सहा-सात वर्षं टाळत आलो. आधी वाटलं, एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं. मग वाटलं, आता फार उशीर झाला. हल्ली दोन्ही सबबी जुन्या झाल्या आहेत आणि माझी पंचाहत्तरी उलटली आहे, म्हणून लिहून टाकतो.

निपाणीत आमच्या गल्लीत घरी कॉम्प्युटर बाळगणारा निवृत्त माणूस मी एकटाच. कचेरीत जन्मभर मराठी आणि कन्नड दोन्ही टायपिंग केलेलं, त्यामुळे मुलानं कॉम्प्युटर आणून दिल्यावर गल्लीचं टपालखातंही माझ्याकडे आलं. समोरच्या घरातले आप्पा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. तंबाखूचा व्यापार मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. त्यांची मुलगी परदेशात, ती लांबलचक ईमेल लिही. मोबाइलवरची अक्षरं आप्पांना दिसत नसत, म्हणून माझ्याच ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये मी त्यांचंही खातं जोडून घेतलं. डाव्या बाजूला वर मी, खाली आप्पा. दर रविवारी सकाळी ते येत. मी त्यांची पत्रं वाचून दाखवी, ते उत्तर सांगत, मी टाइप करी.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष हे आप्पांचे शाळेपासूनचे मित्र. दोघं रोज एकाच बाकावर बसून पेपर वाचत. अध्यक्ष माणूस सज्जन, पण वार्षिक समारंभात तासभर मराठीत बोलत, आणि समोर सरकारी कचेऱ्यांतले चार पाहुणे असत म्हणून तेच भाषण पुन्हा कन्नडमध्ये करत. आमच्याकडे दोन्ही भाषा सगळ्यांनाच येतात. पाहुण्यांनाही. त्यामुळे एका विनोदाला दोनदा हसावं लागे. आप्पा दुसऱ्या वेळी जास्त मोठ्यानं हसत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "कन्नडमध्ये तो इनोद जरा बरा हाय."

त्या वर्षी निमंत्रण ईमेलनं आलं, मलाही आणि आप्पांनाही. मागच्या वर्षी दुसऱ्या भाषणात माझी कंबर धरली होती, ती अजून सुटली नव्हती. मी एक पत्र लिहिलं. भाषण मराठीत करा किंवा कन्नडमध्ये करा, आमची कशालाच ना नाही, पण एकदाच करा. गेल्या खेपेस दुसऱ्या भाषणाला खुर्च्यासुद्धा पाय बदलत होत्या. खाली सही: एक सभासद.

निनावी पत्राची आमच्या पिढीची रीत ठरलेली. पाठवणाऱ्याची जागा कोरी सोडायची आणि शिक्का निपाणीचा पडू नये म्हणून चिकोडीला जाऊन पेटीत टाकायचं. चिकोडीला जाण्याऐवजी मी तिसरं खातं काढलं, कुणाचंच नाव नसलेलं. इतकी हुशारी केली आणि मग रविवारपासून उघड्या राहिलेल्या आप्पांच्या खात्यातल्याच निमंत्रणाला उत्तर दिलं. पाठवणाऱ्याच्या चौकटीत प्रोग्रॅमनं आपण होऊन आप्पांचा पत्ता भरला. बाजूचा बाण दाबून तिथं तिसरं खातं निवडायचं होतं. मी पत्र कुणाला जातंय ते तीनदा पाहिलं. कुणाकडून जातंय ते एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या खात्यात अध्यक्षांची एक ओळ आली: तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. ती वाचून मी कॉम्प्युटर बंद केला, जणू त्यानं ती परत जाणार होती. पण बाकावर अध्यक्षांनी तोंड फिरवलं होतंच. बुधवार असूनही आप्पा आले. कधी नव्हे ते दारातच उभे राहिले.

"अरं, भाषणावरनं मी त्याला काय तरी वंगाळ लिवलंय म्हणतोय. मी तुला असं सांगितलतं काय?"

खरं सांगायला एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "सांगितलं असंल की आप्पा. किती पत्रं सांगता तुम्ही."

ते उंबऱ्यावरून मागं सरले. "असंल बाबा," म्हणाले. "माझं मलाच आठवंना झालंय."

मग ते अध्यक्षांकडे गेले आणि न लिहिलेल्या पत्राची माफी मागून आले. अध्यक्षांनी ती दिलीही. समारंभात ते अर्धं भाषण मराठीत, उरलेलं कन्नडमध्ये करून एकूण बारा मिनिटांत खाली बसले. टाळ्या थांबेनात. पत्राची बातमी तोवर गावभर झाली होती; बाहेर पडताना लोक ओळीनं आप्पांचा हात हातात घेत होते. धाडस केलासा आप्पा, असं म्हणत होते. आप्पा चोरी सापडल्यासारखे उभे होते. ओळ माझ्यापर्यंत आली तेव्हा मीही हात मिळवला.

दोस्ती जुळली, पण आप्पांचा स्वतःवरचा भरवसा गेला. घरात बदाम भिजू लागले, डोक्याला ब्राह्मीचं तेल आलं. आप्पा उपरण्याला गाठी मारू लागले आणि कोणती गाठ कशाची हे विचारायला माझ्याकडे येऊ लागले. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली कित्येक वर्षं त्यांच्याकडे होती, ती त्यांनी परत केली. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी गोष्टी सांगणं सोडलं. कोणत्या साली कोणता बैल कुणाकडून घेतला आणि तो वाटेत कुठं बसला, हे सगळं त्यांना बिनचूक पाठ असे. आता मध्येच थांबून म्हणत, "ऱ्हाऊ दे. झालतं का न्हाय, कुणाला ठाऊक."

तोंडानं सांगणं मला जमेना, म्हणून मी आप्पांना ईमेल लिहिली. या वेळी पाठवणाऱ्याच्या चौकटीत माझं खातं निवडलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि पाठवली. लगेच माझ्याच कॉम्प्युटरनं टिंग केलं. आप्पांची टपालपेटी माझ्या टेबलावर होती आणि ती वाचून दाखवणारा मीच होतो, हे तेव्हा ध्यानात आलं.

रविवारी आप्पा आले. मुलीचं पत्र वाचून झालं. न वाचलेली पत्रं ठळक दिसतात, तेवढं त्यांनाही दिसे.

"ते खालचं काळं काय हाय रं?"

"जाहिरात हाय आप्पा."

"कशाची?"

"चष्म्याची."

"मग ऱ्हाऊ दे."

पुढचे किती रविवार ती जाहिरातच राहिली, ते मी मोजले नाहीत. दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले. अध्यक्ष आहेत; ते हे वाचतील आणि मग माझ्याशी बोलायचं की नाही ते ठरवतील. आप्पांच्या खात्यात ती ओळ अजून ठळकच आहे. मी ती उघडत नाही, उघडली तर ती वाचली गेली असं दिसेल. आत काय आहे ते मला पाठ आहे:

आप्पा, ते पत्र मी लिहिलं होतं. तुम्ही मला काहीही सांगितलं नव्हतं. तुमच्या आठवणीला काही झालेलं नाही. अध्यक्षांना मी सांगतो, किल्ली परत घ्या, आणि तो बैल वाटेत कुठं बसला होता ते रविवारी मला पुन्हा सांगा. चुकलो.