मांडवाचं आवतण

लांब बसून मोठं कार्य पार पाडल्याच्या बढाया कुणी मारायला लागलं की मला मळमळतं. धाकट्या बहिणीच्या लग्नाची सगळी तयारी मी बंगळुरूत बसून केली. केली म्हणजे काय, उंटावरून शेळ्या हाकल्या.

बाबा गेल्यानंतरचं आमच्या दिघाशी गावातल्या घरातलं हे पहिलं कार्य. आईचं मागणं एकच होतं. "भावकी मांडवात आली पायजे. तुजे बाबा गेले म्हनून आमचा घर भावकीतना गेला, असा कोनी बोलाला नको."

मी फोनवर चुलत भावांचा नि वहिन्यांचा ग्रुप काढला. थोरला चुलत भाऊ वडपे गावातली जमीन गोदामवाल्यांना भाड्यानं देऊन साहेब झालाय. 'टीमवर्क' हा शब्द त्याच्या तोंडात येता-जाता. मी कामं वाटली. पाण्याचे टँकर नारपोलीच्या भावाकडे, आणि आवतण या थोरल्याकडे. आमच्यात आवतण म्हणजे नवरा-बायकोनं हळदकुंकवाचं ताट घेऊन भावकीत घरोघरी जायचं, उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या. ते मिळालं की त्या घरची बाई हळदीच्या सकाळी वडे थापायला येते, पुरुष संध्याकाळी पंगत वाढतात. थोरल्यानं दुसऱ्याच दिवशी लिहिलं, "डन." खाली वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली. काय गुणाची माणसं माझी, असं मलाही वाटलं.

हळदीच्या सकाळी मी पोचले तर मांडवात खुर्च्या, स्पीकर आणि एकटी आई. पिठाच्या पराती झाकून ठेवलेल्या. ऊन चढलं तरी एक बाई फिरकली नाही. शेजारची म्हातारी चुलती ओट्यावर निवांत तांदूळ पाखडत होती. मी तिला विचारायला गेले.

"आमाला आवतान कुठं हाय?"

"काकी, फोनवर कार्ड आलं ना?"

"फोनवर साबनाची जायरात पन येते. आमी साबनवाल्याकडं जेवाला जातो काय?"

थोरल्यानं घरोघरी जायच्या ऐवजी सगळ्यांच्या फोनवर लग्नाचं कार्ड धाडून दिलं होतं. जाब विचारला तर म्हणाला, "आता कोन दारोदार फिरतो? सगल्यांनी बगितलाय मेसेज." वर हसला. त्या हसण्याची अजून किळस येते. त्याची बायको चेहऱ्यावर पार्लरवालीचा लेप घेऊन बसली होती. "आता उन्हात कशी जाव?" म्हणाली.

आईनं ताट उचललं. तेव्हा मात्र लेपाखालून आवाज आला, "काकी, तुमी नको. सवाष्ण पायजे." मी ताट मागितलं, तर लग्न न केलेली म्हणून मीही बाद. म्हणजे ज्यांनी जायचं ते हलणार नाहीत, आणि जी निघाली तिनं जायचं नाही! आई काही ऐकायला थांबली नाही. मी तिच्या मागोमाग गेले. प्रत्येक उंबऱ्यावर अक्षता ठेवून ती एवढंच म्हणाली, "पोरीचा मांडव हाय. चला."

म्हातारी चुलती आईच्या मोकळ्या कपाळाकडे बघत राहिली. मग सूप खाली ठेवून उठली. मागून बाकीच्याही आल्या. दुपारपर्यंत मांडव भरला. वडे थापले जात होते, चेष्टामस्करी चालली होती, आई चुलीपुढे घामाघूम होऊन तळत होती. थोरला सगळ्यांचे फोटो काढत हिंडत होता. खरं सांगते, मी सगळ्यांना माफ करून टाकलं होतं.

संध्याकाळी बहीण पाटावर बसली. बायका एकेक करून हळद लावू लागल्या. आईनं वाटीत बोटं बुडवली आणि त्याच चुलतीनं तिचा दंड धरला. "तू मागं ऱ्हा गो. पोरीला अपशकुन नको." बाकीच्या गाणं म्हणत राहिल्या. सकाळी हिच्याच हातचं आवतण चाललं, दुपारी हिच्याच हातचे वडे चालले. कामापुरती काकी! मला त्यांची शिसारी आली, त्यांच्या हळदीची आली, तोंडातल्या वड्याचीही आली.

मी तोंड उघडणार तोच बहिणीनं गाल पुढे केला. "आई, तू लाव. न्हायतर मी पाटावरना उठनार न्हाय."

गाणं थांबलं. आईनं भरलेल्या मांडवाकडे पाहिलं. मग हळदीची बोटं पदराला पुसली आणि वाटी चुलतीच्या हातात दिली.

"हट्ट नको करू बाय," ती म्हणाली, "भावकी उठून जाईल."