पडद्यावरची पुरी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकी सरळ रेघ अख्ख्या अंबरनाथमध्ये कुणाला मारता येत नाही, हे मी पैजेवर सांगेन. कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढता काढता ते निवृत्त झाले, पण आराखडे काही त्यांच्यातून निवृत्त झाले नाहीत. दुधी आणायला सांगितला तर लांबी किती, जाडी किती, हे विचारूनच पिशवी उचलायचे. उल्हासनगरला जुना टॅब घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले, तेव्हा त्यांनी खिशातून काटकोन तपासायचा गुण्या काढून पडद्याच्या चारही कोपऱ्यांना लावला. "अंकल, टॅब लेना है के प्लॉट?" दुकानदारानं विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "कोना देखता हूँ. नब्बे का है के नहीं." नव्वदचा निघाला, तेव्हाच टॅब घेतला.

टॅब हवा होता काकूंसाठी. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. रोज 'आ', 'ई' म्हणायचा सराव डॉक्टरांनी दिला होता आणि आठवड्याभरातच काकू त्याला विटल्या. मोबाइलची ॲप बनवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. म्हणून काका वही घेऊन माझ्याकडे आले. "आवाज जितका मोठा, तितकी पडद्यावर पुरी फुगली पाहिजे. हिची पुरी कधी चपटी राहिलेली मी पाहिली नाही." मी म्हटलं, तयार चित्रं मिळतात, एक टाकून देते. छापील रांगोळी दारात चिकटवा म्हणावं, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. "चित्र मी काढणार. तू मला फक्त त्याचं व्याकरण शिकव."

अडुसष्टाव्या वर्षी माणूस खरोखर शिकला. कोडची प्रत्येक ओळ आधी वहीत पेन्सिलीनं, मग त्यांच्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर. पुरीच्या कडेची वक्ररेषा जमवायला त्यांनी एक अख्खी वही संपवली, आणि दोनदा तर प्रत्यक्ष पुऱ्या तळून मोजल्या.

शेवटी एका सकाळी टॅब काकूंपुढे ठेवला. काकू "आ" म्हणाल्या. पुरी हलली नाही. पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी ओठांवर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस तोंड उघडलं नाही.

काका खाली आले तेव्हा त्यांची दाढी वाढलेली होती. इतक्या वर्षांत मी ती पहिल्यांदाच पाहत होते. "टॅब लॅपटॉपला जोडून पाहिला. तिथे आवाजाचा आकडा चढतोय," ते म्हणाले. "म्हणजे आवाज पोचतोय. पुरीच ढिम्म आहे."

मी त्यांचं कोड पाहिलं. "काका, तुम्ही आकडा बदललात, पण पडद्याला कळवलंच नाहीत. तो एकदा चित्र काढतो आणि बसून राहतो. आकडा बदलला की दर वेळी त्याला सांगायचं, हे चित्र जुनं झालं. त्या ओळीला 'इनव्हॅलिडेट' म्हणतात."

"रद्दचा शिक्का," काका म्हणाले. "आणि नवं चित्र लगेच मी काढायला लावायचं?"

"नाही. तुम्ही फक्त शिक्का मारायचा. काढायचं तेव्हा तो काढतो."

त्यांनी ओळ घातली आणि मलाही वर नेलं. काकूंसमोर बसून आधी म्हणाले, "चूक तुझी नव्हती. तुझा आवाज पहिल्यापासून पोचत होता. मी एक ओळ विसरलो." आपल्या आराखड्यात चूक आहे, हे त्यांनी नोकरीत साहेबालाही कधी कबूल केलं नव्हतं म्हणे.

काकूंनी टॅब स्वतःकडे ओढला. मग हळूच "आ" केलं. पुरीची कड उचलली गेली. दुसरा "आ" मोठा आला, आणि पुरी टम्म फुगली. काकूंना हसू फुटलं, त्या हसण्यानं ती आणखी फुगून पडद्याबाहेर गेली. "व्यासाला मर्यादा घालायची राहिली," म्हणत काका वहीकडे वळले, तर काकूंनी त्यांचा हात धरला. "रा... राहू दे," त्या म्हणाल्या. काका वही न घेताच तिथे बसून राहिले.

आता दोघं बदलापूरला मुलीकडे असतात. मी फोन केला की काकूच उचलतात. बोलता बोलता मध्येच एखादा शब्द त्यांना सापडत नाही. काका शेजारीच असतात आणि त्यांना तो नक्की ठाऊक असतो, पण ते पुरवत नाहीत. मग आम्ही तिघंही थांबतो.